बसव्वाच्या वेलीचं पाणी

आमच्यात माणूस गेलं की 'मेलं' म्हणत न्हाईत, 'लिंगैक्य झालं' म्हणतात. म्हंजे गळ्यातल्या लिंगात मिळून गेलं. माझी धाकटी जाऊ बसव्वा लिंगैक्य झाली असं अख्खी शुक्रवार पेठ अकरा वर्षं म्हणत आली. झाली न्हवती. ते मला एकटीला ठाऊक व्हतं, आन् मी तोंड शिवून बसले व्हते. एरवी ह्या चंद्रव्वाचं तोंड कसं चालतं ते पेठेत कुणालाबी इचारा.

बसव्वा म्हंजे माझ्या दिराची, शिवपुत्राची पहिली बायको. तिचं माहेर मोगलाईत, नळदुर्गाकडं. नांदायला आली ती ट्रंकेबरोबर ओल्या फडक्यात एक मूळ बांधून घेऊन. डोंगरातली मोरवेल! सासूबाई म्हणाल्या, सोलापुरात माणसाला प्यायला पाणी मिळंना आन् ही रानाला पाजायला निघाली. मीबी हसले. तिनं न्हाणीच्या भिंतीशी मूळ लावलं आन् रोज लिंगपूजा झाली की तांब्यातलं उरलेलं पाणी तिथं वतायला लागली. वेल जगली की हो. दिवाळीच्या आगंमागं पांढऱ्या फुलांनी भिंत दिसंना झाली.

ह्या वेलीची एक खोड हाय. हिला तंतू न्हाईत. पानाचा देठच वाकतो आन् मिळंल ते धरतो. दोरी, खुंटी, वाळत घातलेलं लुगडं. एकदा धरलं की देठ तुटतो, पण सोडत न्हाय. बसव्वा सोडवताना हसायची, म्हणायची, अक्का, ही माझ्यावर गेलीया.

मंग ज्या साली प्लेगानं पुन्हा डोकं काढलं त्या साली पेठ रिकामी झाली. आमी समदे गावाबाहेर माळावर झोपड्या घालून ऱ्हायलो. तिसऱ्या दिवशी बसव्वाच्या गळ्याला गाठ आली. लिंगाची दोरी गाठीवर घासायची आन् ती कळवळायची. आमच्यात लिंग अंगावेगळं करत न्हाईत, जिवात जीव असेस्तोवर न्हाईत. पण मला बघवंना. मी दोरी सोडली, लिंगाची चांदीची डबी माझ्या पदराच्या गाठीला बांधली आन् म्हणले, उतार पडला की बांधते.

उतार पडला न्हाय. ताप चढला तशी ती मराठी इसरली, नुसती कानडीत बडबडायला लागली. "अक्का, नन्न लिंगा कोडु." माझं लिंग दे, माझं लिंग दे. दीड दिवस तेवढंच. आन् मी झोपडीच्या दाराशी उभी. आत गेले न्हाय. माझी लेक तवा तीन म्हैन्यांची, अंगावर पीत व्हती. भ्याले मी. सरळ सांगते, भ्याले.

आमच्यात जाळत न्हाईत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात आन् डाव्या तळहातावर लिंग ठेवतात, मंग माती. त्या दिवशी माळावर चार खड्डे व्हते. जंगमस्वामी लांबनंच मंत्र म्हणत व्हते. त्यांनी हाक देऊन इचारलं, लिंग हातात हाय का? समद्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण सासूबाई गेल्यावर बायकांतली मी मोठी. डबी माझ्या पदरात. चार पावलं जायचं, तिची मूठ उघडायची, ठेवायची. तेवढंच.

मी म्हणले, "हाय."

माती पडली.

पेठेत परत आलो तवा ती डबी घेऊन मी काय करणार? देवघरात ठेवली तर कुणाची म्हणून इचारतील. पाण्यात सोडायला हात धजंना. एका दुपारी मी ती मोरवेलीच्या बुडाशी पुरली आन् वरनं तांब्याभर पाणी वतलं. मनाशी म्हणले, बसव्वा, रोज घालीन, पूजा समज. तवापासनं उन्हाळा बगितला न्हाय का पावसाळा बगितला न्हाय. चैत्रात पानं करपली की विहिरीवरनं एक घागर जास्तीची. आषाढात आभाळ गळत असलं तरी तांब्याभर. फुलं आली की तांब्याभर, आन् पौषात फुलांची पांढरी पिसं होऊन घरभर उडायला लागली तरी तांब्याभर. शेजारणी म्हणायच्या, चंद्रव्वाला जावंचा लई लळा. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला.

आता पुढचं कुणाला खरं वाटंल न वाटंल. मी पाणी घालायला जायचे तवा माती आधीच ओली असायची. तांब्याभर पाणी मुरल्यावर जेवढी ओल व्हते तेवढीच, गोल. पहिल्यांदा वाटलं, न्हाणीचं पाणी झिरपत असंल. न्हाणीला चुना मारून घेतला. तरी ओल. घरात एकेकाला इचारलं, समद्यांनी कानावर हात ठेवले. तीस साली मार्शल लॉ लागला, रस्त्यावर सोल्जर. चार दिवस विहिरीवर जाता आलं न्हाय, घरात पोरांना घोट घोट पाणी मोजून दिलं. वेलीला काय देणार, कपाळ? वैशाखाचं ऊन, अंगणातल्या फरशीवर पाय ठरंना. आन् बुडाशी माती ओली! वाऱ्यानं पानं हालली आन् मला सरळ ऐकू आलं, कोडु.

त्या वर्षापासनं वेल माझ्या मागं लागली. न्हाणीत गेले की देठ बांगडीला अडकायचा. सैपाकघराच्या खिडकीतनं एक शेंडा आत आला आन् बसव्वा पूजेला बसायची तिथल्या खुंटीला तीन वेढे घालून बसला. मी तोडला. म्हैन्यात पुन्हा आला.

शिवपुत्रानं दुसरं लगीन केलं व्हतं. काशम्मा. पोरगी वाईट न्हाय, पण नव्या जमान्याची. चौतीस साली तिनं हट्ट धरला, घरात नळ घ्यायचा. आमच्या मालकांनी, गुरुबसप्पांनी, लगेच व्हय म्हणलं. मुन्शिपालटीचा माणूस आला, फूटपट्टी लावून बगितलं आन् म्हणाला, पाइप न्हाणीच्या भिंतीकडनं येणार, वेल काढावी लागंल, येडू खणणारा परवा येईल.

येडूच्या कुदळीनं डबी वर आली की संपलं. आन् मला माझ्या अब्रूचीच काळजी न्हवती, हेबी सांगते. तिला माती एकदा नीट मिळाली न्हाय, आता पुन्हा उकरायची? मी भांडले. नळाचं पाणी पूजेला चालत न्हाय म्हणले, भिंत पडंल म्हणले, तोंडाला येईल ते म्हणले. काशम्मा हसून म्हणाली, अक्का, तुमी वेलीच्या जाऊ का माझ्या?

दुसऱ्या दिवशी गड्ड्यातल्या, म्हंजे संक्रांतीच्या जत्रंतल्या, देवाच्या लग्नाच्या अक्षता. अख्खं सोलापूर सिद्धेश्वराच्या तळ्याकडं लोटलेलं. मी गुडघ्याचं निमित्त करून घरी ऱ्हायले आन् भर दुपारी खुरपं घेऊन बसले. डबी काढायची, आन् कुटं? माळावरचे ते खड्डे आता गिरणीच्या चाळीखाली गेलेत. ते काय ठरलं न्हवतं. नुसती काढायची.

वेलीची पांढरी पिसं केसांत येऊन बसत व्हती. हातभर खणलं तवा चांदी चमकली. मी हात घातला आन् तसाच ऱ्हायला. पाच मुळं, बोटाएवढी जाड. चार एका अंगानं, एक दुसऱ्या अंगानं, आन् मधी डबी. मूठ! डाव्या हाताची. मी बोटं घालून सोडवायला गेले, सुटंना. खुरपं लावलं तर मुळाचा चीक हातावर आला आन् कातडी भाजल्यागत झाली. मला रडू फुटलं. मी म्हणले, बाई, घे, तुझं तुला घे, मी न्हाय काढत.

"वैनी, ती डबी कुणाची?"

मागं शिवपुत्र उभा. गर्दीत छातीत कळ आली म्हणून अर्ध्यातनं परतलेला. डबी त्यानंच लग्नात घडवून घेतली व्हती, वळखायला कितीसा येळ. मी उठले बी न्हाय. मातीतच बसून समदं सांगितलं. दोरी, पदर, दाराशी उभं ऱ्हाणं, ते 'हाय'. वाटलं आता लाथ मारंल. मारली असती तर बरं वाटलं असतं.

तो माझ्या शेजारी उकिडवा बसला.

"मला ठाऊक व्हतं. खड्ड्यात मीच उतरलो व्हतो की. तिची मूठ उघडीच व्हती, वैनी. रिकामी. तुमी 'हाय' म्हणला आन् मी ती मिटली."

मी चीक लागलेला हात पदराला पुसला.

"मलाबी लवकर वर यायचं व्हतं," तो म्हणाला.

अकरा वर्षं आमी दोघं एका चुलीवरचं जेवलो, आन् एकमेकांना तेच खोटं वाढत ऱ्हायलो. तो खड्ड्यात वाकला, मुळांवर हात ठेवला, कानडीत तिला कायतरी म्हणाला. ते मी ऐकलं, पण सांगायची न्हाय. मंग आमी दोघांनी हातांनी माती लोटली. येडूला दुसऱ्या दिवशी पुढच्या अंगानं खणायला लावलं. काशम्मा दोन दिवस धुसफुसली.

माती लोटली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी तांब्या घेऊन गेले. बुडाशी माती कोरडी. बोट खुपसून बगितलं, आतपर्यंत कोरडी ठणठणीत. बांगडीला देठ अडकला न्हाय, कानाला काय आलं न्हाय. सुटले म्हणायला पाहिजे व्हतं. पण मी तिथं उभी ऱ्हाऊन दोनदा हाक मारली, बसव्वा, ए बसव्वा. मंग तांब्या वतला. पुरला न्हाय, म्हणून घागर आणायला विहिरीवर गेले.