दुसरी किल्ली

हॉस्टेलच्या यादीत भाचीचं नाव लागलं नाही, तेव्हा दादाने फोनवर बजावलं, "सोमवारपर्यंत घर मिळालं तर ठीक, नाहीतर तिला परत घेऊन ये. कॉलेजं इकडेही आहेत." कॉलेजं आहेत, पण तिचा विषय तिथे नाही. आणि एकदा परत नेलेली मुलगी पुन्हा बाहेर पडत नाही, हे मला, तिच्या आत्याला, कोणी शिकवायला नको. मी स्वतः तशीच परत गेलेली आहे.

कॉलेजच्या गावात घरमालकांची चंगळ असते. एकाच्या 'फर्निश्ड' खोलीत एकुलती एक खुर्ची होती, तीही शेजाऱ्यांची. दुसऱ्याकडे फ्रिज होता, पण उघडायचा नाही अशी ताकीद होती. तिसऱ्या मजल्यावरचं हे घर मात्र चमच्यांपासून पडद्यांपर्यंत भरलेलं होतं, आणि भाडं एवढं कमी की मी दोनदा विचारून घेतलं. कुठेतरी पाणी मुरत होतं. खिडकीतल्या कुंडीची माती ओली होती.

"इथे कोण राहतं?"

"बाबा राहायचे," घरमालक म्हणाला. "आता माझ्याकडेच असतात."

मी पुढे खोदून विचारलं नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला होती, मी ती पर्समध्ये ठेवली. फक्त दोन अटी घातल्या. कपाट रिकामं हवं, आणि दोन्ही किल्ल्या आमच्या हातात हव्यात. मुलगी एकटी राहणार, दुसरी किल्ली गावात फिरायला नको.

रविवारी सामान घेऊन आलो, तर दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायाशी बॅग.

"या, या. मुलाकडे चार दिवस राहायला चाललोय," ते भाचीकडे बघत म्हणाले. "तोपर्यंत घराकडे बघायला कोणी येणार म्हणाला, ती तूच का गं? बरं झालं."

मागे उभा असलेला घरमालक चप्पल शोधण्यात गुंग झाला. चप्पल त्याच्या पायातच होती.

आजोबांनी भाचीला सगळं घर हिंडवून दाखवलं. गॅसचं बटण दाबून फिरवायचं, न्हाणीघराची कडी जरा उचलून लावायची, कुंडीला पाणी सकाळीच घालायचं. ती निमूट मान हलवत होती. स्वयंपाकघरात तिने माझा दंड धरला.

"आत्या, हे घर नको आपल्याला. त्यांना काहीच माहीत नाहीये."

"मग उद्या तुझ्या बाबांना काय सांगू?"

तिचे डोळे भरले. तिने माझा दंड सोडला, आणि मला तेच हवं होतं.

बाहेर घरमालक बॅग उचलून उभा होता. "बाबा, तुमच्याकडची किल्ली द्या ना."

"ती कशाला? परत आल्यावर लागेल की मला."

"या ताईंची तशी अट आहे."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. अट माझीच होती, हातही मीच पुढे केलेला होता. नको, राहू द्या, एवढंच म्हणायचं होतं.

"पोरगी एकटी राहणार, म्हणून हो," मी कसंबसं म्हटलं.

"मग बरोबर आहे तुमचं," ते लगेच म्हणाले. "माझ्या ध्यानातच आलं नाही."

किल्ली जुडग्याच्या कडीतून निघेना. शेवटी भाचीनेच ती सोडवली आणि त्यांच्या हातात परत दिली. त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली आणि तिच्याकडे वळले.

"मी आलो की दोनदा बेल वाजवीन. म्हणजे घाबरू नकोस, मीच असेन."

"हो, आजोबा," भाची म्हणाली.

मला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना. पण मूठ मी उघडली नाही.