पाचांतून तिघे

मी फळा बोलतोय, खाणीच्या तोंडाशी असलेल्या बचाव पथकाच्या खोलीतला. माझं बालपण एका शाळेत गेलं. ती बंद पडली आणि मला इथे आणून टांगलं. शाळेत पोरं मला घाबरायची. इथे आल्यावर मीच माणसांच्या चेहऱ्यांना घाबरू लागलो.

एका सकाळी बोगद्याचं छत कोसळलं. एक वयस्कर कामगार आत अडकला. वाट इतकी अरुंद, की तिघांहून जास्त जणांनी जाणं धोक्याचं होतं. खोलीत पाच जण कंबर कसून उभे: नर्सबाई, सुतार, वेल्डर आणि अडकलेल्याचे दोन मुलगे.

"मी जाणार!" दोघे भाऊ एकदमच म्हणाले.

पथकाच्या प्रमुख बाईंनी खडू उचलला. "पाचांतून तिघे निवडायचे, तर दहा तुकड्या होतात. त्यांतल्या तीन तुकड्यांत तुम्ही दोघे एकत्र येता. त्या मी खोडतेय."

"का पण?" धाकटा उसळला.

"बाहेर तुमची आई उभी आहे म्हणून."

सात उरल्या. जखमीला हलवायचं तर नर्स हवीच, पाच उरल्या. छताला टेकू द्यायला सुतार हवाच, तीन उरल्या. वेल्डर मान खाली घालून म्हणाला, "बाई, माझे खांदे त्या फटीत मावायचे नाहीत."

आता दोनच तुकड्या. एकीत थोरला, दुसरीत धाकटा. खडू माझ्या अंगावर टेकलेला, पण हलेना. गणित तिथवरच आलं होतं.

"त्या बोगद्यात अलीकडे कोण राबलंय?" बाईंनी विचारलं.

"मी," धाकटा म्हणाला.

थोरल्याचं नाव पुसलं गेलं. त्याने भावाच्या हेल्मेटचा पट्टा आवळून दिला आणि तिघे गेल्यावर माझ्यावर कपाळ टेकलं. इतक्यात आतून गडगडाट झाला. भिंत हादरली. आई धावत आत आली.

"काही कळलं?"

"नाही गं."

"तू इथे आहेस, म्हणून मी उभी तरी आहे."

बऱ्याच वेळाने धुळीने माखलेले तिघे स्ट्रेचर घेऊन आले. बापाचा पाय मोडला होता, पण शुद्ध होती.

"थोरला कुठंय?" तो घाबरून विचारत होता. "तोही आत आला होता ना?"

"मी इथेच आहे, बाबा. बाईंनी मला जाऊच दिलं नाही."

बापाने डोळे मिटले. "बरं केलंत, बाई."

आता माझा रंग उडालाय. माझ्या जागी चकचकीत स्क्रीन लावणार आहेत म्हणे. खुशाल लावा. एवढंच मागणं आहे, नाव कशावरूनही पुसा, पण पुसण्याआधी त्या माणसाकडे एकदा बघा.