पाटीखालचा अडुळसा

"पाटी तुम्ही लावलीत. म्हणजे विषही तुम्हीच पाजलंत."

मेधाने पत्र्याची पाटी पुनर्वसन कार्यालयातल्या साहेबांच्या टेबलावर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच. सळईला चिकटलेली काळी माती काचेवर सांडली. पाटीवर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘अडूसा. खाँसी में लाभकारी.’

साहेबांनी आधी मातीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. धारपर्यंत एवढ्या लांब एक बाई बसमधून पाटी घेऊन येते, हेच त्यांना पटेना. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ठेकेदाराने अडुळसाच लावला होता, त्याचे फोटो आहेत. उन्हाळ्यात तो जळाला. मग तिथे आपसूक जे आलं, त्याचा जाब कार्यालयाला कसा विचारता?

"बोर्ड लगाना हमारा काम है, मॅडम. क्या उगेगा, ये थोड़ी हमारे हाथ में है."

गाव धरणाच्या पाण्यात घालवायचं, माणसांना उघड्या माळावर आणून बसवायचं, वर चार वाफे आखून त्याला औषधी वाटिका म्हणायचं. फीत कापायची, टाळ्या घ्यायच्या आणि पाणी घालायला माणूस ठेवायचा नाही. एवढं करून हात वर. मेधाला त्यांच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. तिने पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं आणि ती तशीच उभी राहिली.

अडुळशाच्या जागी धोत्रा आला होता.

धोत्रा कोण ओळखत नाही? लांब कर्ण्यासारखं फूल आणि काटेरी फळ पाहिलं की कुणीही मागे सरेल. पण निसरपूरच्या बाजूच्या त्या वसाहतीत लोक पहाटेच फुलं-फळं खुडून तिथल्या नव्या देवळात महादेवाला नेत. मागे उरत नुसती पानं आणि पानांसमोर पाटी. ती पाटी वाचणारी मेधा एकटीच. ती देवासची, लग्न होऊन आलेली. नवरा शार्दूल पिथमपूरच्या कारखान्यात, घरी येणार सुट्टीला. घरात ती आणि विधवा सासूबाई, कमलबाई.

सासूबाईंचा खोकला जाईना म्हणून मेधाने काढा केला. ती पानं, गवती चहा, तुळस, सुंठ, गूळ. उकळताना दर्प आला, पण औषध म्हटलं की वास असायचाच. चाखून मात्र पाहिला नाही. हे पुजाऱ्यांचं घर. बुडालेल्या घाटावरच्या महादेवाची पूजा पिढ्यान् पिढ्या यांच्याकडे. या घरात साधं पाणीसुद्धा आधी देवापुढे ठेवायचं, मग तोंडाला लावायचं. नैवेद्य चाखायचा नसतो आणि प्रसाद टाकायचा नसतो. वाटी देवापुढून उचलली, सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी एक घोट घेतला, जरा थांबल्या आणि उरलेला सावकाश पिऊन टाकला.

दिवेलागणीला त्या पलंगावर उठून बसल्या. तोंड लाल, कातडी तव्यासारखी तापलेली. डोळ्यांत बुबुळ तेवढं उरलं होतं, काळं, भोकासारखं. त्या हवेतून काहीतरी खुडत होत्या आणि ओच्यात टाकत होत्या.

"आई, काय करताय?"

"बेल काढत्ये. हे स्नानाला गेलेत, येतीलच. तू दारातून बाजूला हो, माणसं यायची खोळंबलीत."

दारात कुणी नव्हतं. सासूबाई एकेकाला नावाने बोलावू लागल्या. या गणोजी, बसा. भास्कर, चपला बाहेर. मेधाला त्यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. शेजारच्या नर्मदाबाई आवाज ऐकून आल्या आणि उंबऱ्यातच थिजल्या. त्यांना सगळी ठाऊक होती. त्यातला एकही माणूस जिवंत नव्हता.

मेधा गाडी बोलवायला धावली. परत आली तर खोली बायकांनी भरलेली. कुणी सासूबाईंचे पाय चोळत नव्हतं, कुणी पाणी पाजत नव्हतं. सगळ्या पलंगाभोवती जमिनीवर बसल्या होत्या, जशा पोथी ऐकायला बसतात. नर्मदाबाई पुढे सरकून अगदी हळू विचारत होत्या,

"काकी, आमचं दार उघडं आहे का बघा ना. वीरेंद्र आत आहे का?"

सासूबाईंनी मान वाकडी करून लांबवर पाहिलं.

"आहे. जेवतोय."

नर्मदाबाईंनी पदर तोंडात कोंबला. दुसरीने विचारायला तोंड उघडलं तेव्हा मेधाने त्यांच्यातून वाट काढत सासूबाईंना उचललं. मागून कुणीतरी पुटपुटलं, थोडं थांबली असतीस तर.

कुक्षीच्या दवाखान्यात जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, हे धोत्र्याचं विष, या वयात पुन्हा असं झालं तर इथवर आणायचीही गरज पडणार नाही. मेधा परत आली ती पाटी उपटायलाच. आपण आपल्या हाताने सासूला मारत होतो, हे तिच्या मनातून जाईना. अंगणात तिने डब्यांतून पुदिना, तुळस, पानओवा लावला. जे आपण लावलं, ज्याला फूल येताना पाहिलं, तेच पातेल्यात जाईल. पान चुरडायचं, हुंगायचं, शंका आली की फेकायचं. बायकांना तिने हे घरोघरी जाऊन सांगितलं. बायका माना डोलवत, आणि हळूच विचारत, कमलकाकी बऱ्या आहेत ना? परत काही बोलल्या का?

म्हणूनच आज धारला ती साहेबांसमोरून हलली नाही. जेवणाची सुट्टी झाली, शिपायाने दोनदा खाकरून पाहिलं. शेवटी साहेबांनी वैतागून फोन फिरवला. उद्या सकाळी मशीन जाईल, वाफे सगळे साफ होतील, झालं समाधान?

झालं होतं. बसमध्ये तिला कितीतरी दिवसांनी डुलकी लागली.

घरी आली तेव्हा ऊन कलत होतं. सासूबाई ओट्यावर पाय सोडून बसल्या होत्या. मेधाने चप्पल काढता काढताच सांगून टाकलं की काम फत्ते, उद्या सगळं उपटतायत.

सासूबाईंचा हात गुडघ्यावर थांबला.

"तुला कुणी सांगितलं होतं उपटवायला?"

"आई, ते जहर आहे. तुम्ही गेला असतात."

"धोत्रा मला शिकवत्येस? जन्म गेला माझा धोत्र्याची फळं देवावर वाहण्यात. पहिल्याच घोटाला कळलं होतं."

मेधा खांबाला टेकली. सासूबाई माळाच्या उताराकडे बघत होत्या, जिथे नर्मदेचं पाणी तिरपं चकाकत होतं.

"काढा प्यायल्यावर बघितलं तर पाणी नव्हतं गं. घाटाच्या पायऱ्या खालपर्यंत कोरड्या. हे वर येत होते, ओल्या पंच्याने, डाव्या हाताने कठडा धरत. मला म्हणाले, उशीर केलास. नर्मदाबाईने तिचा गेलेला पोरगा पाह्यला माझ्या डोळ्यांनी. तिला काय सांगू आता?"

"आई, आत चला."

"तू परत जा धारला. त्या माणसापुढे उभी राहा आणि विचार. रस्ता बुडवलात, ठीक. उरली होती ती पायवाटही उद्या उपटताय. मग आम्ही घरी जायचं कुठून? विचार त्याला. आणि उत्तर घेतल्याशिवाय येऊ नकोस."