पाच बोटांचा पुरावा

देश पायांवर उभा असतो. गड पायांनी चढले, सरहद्दी पायांनी राखल्या, आणि जगातल्या प्रत्येक विजयामागे कुणाचा तरी पाय भक्कम रोवलेला असतो. मित्रांनो, मी असाच एक जुना पाय आहे. डावा. प्लास्टरचा. घोट्याच्या वर चार बोटं गेलं की मी संपतो.

माझा जन्म पेणला, दत्तात्रेय मूर्तिकारांच्या कारखान्यात झाला. साल चौऱ्याहत्तर. आजूबाजूला दोनशे गणपती ओळीने सुकत बसले होते. सगळे मांडी घालून. उभा असा मी एकटाच. तेव्हापासून मला थोडा गर्व आहे, तो सांभाळून घ्या.

मी नाथाचा पाय. नाथा खाडीकाठच्या गावचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला. तो फौजेत गेला. एकाहत्तरच्या हिवाळ्यात उत्तरेच्या एका उंच चौकीवर बारा दिवस बर्फात उभा राहिला आणि डाव्या पायाची तीन बोटं तिथेच ठेवून आला. बोटं डॉक्टरांनी कापली. कापल्याचा कागद मात्र इस्पितळ हलवताना हरवला.

पुढे नाथा निवृत्त होताना वैद्यकीय मंडळ बसलं. मित्रांनो, शिपायाचं अपंगत्व टक्क्यांत मोजतात. वीस भरले तर त्याची वेगळी पेन्शन, नाही भरले तर नमस्कार. मंडळाने नाथाला एकोणीस दिले. वर शेरा मारला : 'इसम मिठागरातला आहे. बोटे खाऱ्या पाण्याने झडली असावीत. सैन्यसेवेशी संबंध नाही.'

नाथाला टक्क्यापेक्षा तो शेरा झोंबला. "भरतीला दहा बोटं मोजून घेतली, परत देताना सात दिली," तो म्हणाला. "बाकीची तीन काय मी मिठात पेरली?"

त्याने अपील केलं. अपील लिहून दिलं रोह्याच्या सुभेदार हैबतरावांनी. ते त्याच चौकीवर होते. आता घरची भातशेती आणि एक टाइपरायटर सांभाळून होते. नाथा एसटीने पेणहून रोह्याला जायचा आणि सुभेदार एका बोटाने टाइप करायचे. अर्जाच्या विषयाला ते शोभून दिसायचं.

उत्तर आलं : अपिलाचा निकाल कागदांवरच होतो, अर्जदाराने येऊ नये. जोडलेल्या फोटोत पाय आहे, चेहरा नाही, सबब पाय कुणाचा ते कळत नाही. ठोस पुरावा पाठवावा.

ठोस म्हणजे काय, यावर दोघांनी दोन कप चहा विचार केला. शेवटी नाथा म्हणाला, "आमच्या पेणला प्लास्टरपेक्षा ठोस काय नाय." प्लास्टरच्या पायालाही चेहरा नसतो, हे दोघांपैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

असा मी नाथाच्या पायावरून घेतलेल्या साच्यात जन्मलो, तेव्हा मला दोनच बोटं होती, अंगठा आणि त्याच्या शेजारचं. नाथा मला सुकत ठेवून घरी गेला. पाठवणीचं काम बालमित्र म्हणून दत्तात्रेयांनी अंगावर घेतलं.

आणि तिथेच घोटाळा झाला. पेणच्या कारखान्यातून खंडित मूर्ती बाहेर जात नाही. सोंडेचा टवका उडाला तरी तो भरून, घासून, रंगवून मगच गणपती दाराबाहेर पडतो. दत्तात्रेयांनी मला उचललं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, आणि त्यांना राहवेना. त्यांनी मला तीन नवी बोटं घडवली. नखं काढली. नखांना चकाकी दिली. अंगाला फिका गुलाबी रंग दिला. मग पेंढ्यात गुंडाळून, पेटीला खिळे ठोकून रवाना केलं. या रूपात नाथाने मला पाहिलंच नाही.

दोन महिन्यांनी मी परत आलो. तळव्यावर 'पाहिले' असा शिक्का होता, सोबत पत्र : 'अर्जदाराने सादर केलेल्या पुराव्यानुसार बोटे पाच असून पाय उत्तम स्थितीत आहे. अपंगत्व एकोणीसऐवजी अकरा टक्के धरण्यात येत आहे. प्रकृतीतील सुधारणेबद्दल अभिनंदन.'

नाथा आणि त्याची बायको पुतळी मला घेऊन कारखान्यात धडकली.

"दत्तूभावजी, हा पाय यांचा का गणपतीचा?" पुतळीने विचारलं.

"वयनी, खंडित वस्तू भायेर पाठवायची कशी? दोष लागतो."

"मंग माझा काय करतोस?" नाथा ओरडला. "मी पण खंडित हाय! मला पण रंग दे, नायतर नेऊन बुडव!"

दत्तात्रेयांनी मान खाली घालून पटाशी घेतली आणि माझ्या करंगळीला लावली. मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. पण पुतळीने त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. नसलेली बोटं कशी दिसतात, ते हा पाय यांच्या पायाबाजूला ठेवून सायबाला दाखवू. आता आपण सोता जायाचा."

नाथाने दुसरं अपील केलं आणि समक्ष सुनावणी मागितली. ती मिळाली. तेवढ्यात सुभेदारांच्या कानावर कचेरीतल्या एका कारकुनाचा सल्ला आला : शेऱ्यावर वाद घालू नका, मेहेरबानी म्हणून मागा, अकराचे वीस लगेच करून देतील.

"नाथा, पेन्शनला वीसच तर लागतात," सुभेदार म्हणाले.

"सुभेदारसायेब, मेहेरबानी त्यांना ठेवा. बोटं बर्फात गेली, एवढा लिवून पायजे. टक्का मागनं बघू."

आम्ही चौघे शहराला निघालो. एसटीत मी नाथाच्या मांडीवर होतो.

"हे काय?" कंडक्टर.

"माझा पाय."

"आणि खाली आहेत ते?"

"ते पण माझेच."

कंडक्टरने तीन माणसं आणि एक लगेज, असं तिकीट फाडलं.

सुनावणीला टेबलामागे तीन साहेब होते. थोरले साहेब फाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "फाइलप्रमाणे बोटे पाच आहेत."

नाथाने मला टेबलावर ठेवलं. मग बूट काढून स्वतःचा पाय माझ्या शेजारी ठेवला. साहेबांनी प्रथमच मान वर केली.

"यातला तुमचा कोणता?"

"दुखतो तो."

सुभेदारांनी साक्ष दिली : "मी शेजारच्या खंदकात होतो, याचा बूट कापून काढला तो मीच." साहेबांनी ऐकून घेतलं. "तरी पण मिठाचा मुद्दा उरतोच," ते म्हणाले.

तेव्हा मागे उभी असलेली पुतळी पुढे आली. चप्पल तिने बाहेरच काढली होती.

"सायेब, मी आठ वर्सांची असल्यापासनं मिठात हाय. मीठ पिकायच्या आदी जमीन पायांनी तुडवून आमीच पक्की करतो. हे माझे पाय. बोटं मोजा."

"बाई, त्याची गरज—"

"मोजा ना. यांची मोजताना बरी गरज लागली! कमी पडली तर आख्खा गाव आणते. दोनशे माणूस हाय."

साहेब उठले, टेबलाला वळसा घालून आले, वाकले आणि मोजू लागले. तळव्यांना भेगा होत्या, टाचा फुटलेल्या होत्या. बोटं दहा भरली. कारकुनाने ती लिहून घेतली.

माझा त्या दिवशी काहीही उपयोग झाला नाही, हे मला इथे प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे.

आठ महिन्यांनी निकाल आला. सुभेदारांनी वाचून दाखवला : 'बोटे सैन्यसेवेत, बर्फामुळे गेली.' नाथाने तेवढी ओळ तीनदा वाचायला लावली. टक्के किती झाले ते शेवटी पुतळीनेच विचारून घेतलं. तीस झाले होते.

मला त्यांनी ओटीवरच्या कोनाड्यात ठेवलं. काही वर्षं येणारा-जाणारा कौतुकाने बघायचा. मग गोष्ट माहीत असलेली माणसं कमी झाली आणि माझ्यावर धूळ बसली. एके दिवशी शेजारच्या धोंडुबाईंनी, हे कुठल्यातरी महाराजांचं पाऊल असावं, असं समजून माझ्यावर फूल वाहिलं. आता भरतीला जाणारी पोरं माझ्या पाया पडून जातात. पडतात ती नेमकी त्या तीन खोट्या बोटांच्या.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातून एवढंच घ्या. माणसाचं जे गेलं ते गेलं असंच लिहा, आणि कुठे गेलं तेही लिहा. त्याला गोंडस करून पाठवू नका. आणि कुणी तुम्हाला मेहेरबानीने देऊ लागला, तर हक्काचं आहे का ते आधी विचारा. एकदा नाही म्हणाले तर पुन्हा विचारा. पाय दुखला तरी उभे राहून विचारा.

आणि नारळ शेजारच्या दगडावर फोडा. मी प्लास्टरचा आहे.