संजीवनीच्या वाट्याची कढई

अंबरनाथ पूर्वेच्या त्या दोन खोल्यांत दोन सुना आणि एक सासू एकाच ओट्यावर इतकी वर्षं स्वयंपाक करत होत्या, की कुणाचं कोपर कुणाला लागलं यावरून आता कुणी भांडतही नव्हतं. मग थोरल्या सुयोगने बदलापूरला, कात्रपमध्ये फ्लॅट घेतला आणि प्रश्न आला भांड्यांचा.

सुयोग आणि त्याचा धाकटा भाऊ चेतन दोघांनी समजूतदार चेहरे केले आणि "चिठ्ठ्या टाकू," असं सुचवलं. त्यांची आई कौसाबाई लसूण सोलत बसल्या होत्या.

"झारा कुठला आणि डाव कुठला ते आधी दाखवा," त्या म्हणाल्या, "मग वाटण्या करा."

दोघांनी भिंतीवरच्या खुंट्यांकडे जरा वेळ पाहिलं आणि पान खायला खाली गेले.

मग कौसाबाईंनी नियम सांगितला. आधी थोरली सून, मग धाकटी. एक वस्तू संजीवनीने उचलायची, एक हिमानीने. उचललं ते आपलं. रडारड नाही.

संजीवनीने जागची न हलता हात लांब केला आणि लोखंडी कढई उचलली. खोल, गोल बुडाची, वापरून वापरून काळी कुळकुळीत झालेली. पिठलं असो, भजी असोत, सुकट असो, तिला काही म्हणजे काही चिकटायचं नाही. सासरे गेले त्या दिवशीसुद्धा त्यांनी तिच्यातली कांदाभजी दोनदा मागून घेतली होती. "तोंडात भजी होती, सुखात गेले," असं कौसाबाई अजूनही आल्यागेल्याला सांगत.

हिमानीचा चेहरा पडला. पण ती धाकटी असली तरी कच्ची नव्हती. तिने सरळ कुकर ओढला. संजीवनीने तवा घेतला. हिमानीने मिक्सर घेतला, तोही चटणीच्या भांड्यासकट. संजीवनीने पोळपाट-लाटणं घेतलं, हिमानीने परात. शेवटी जमिनीवर जो ढीग उरला त्याला कुणी हात लावेना. लग्नात आलेले तीन लेमन सेट, नवरा-नवरीची नावं कोरलेला आणि खोक्यातून कधी बाहेर न आलेला डिनर सेट, दोरी ओढून कांदा चिरायचं यंत्र. आणि सुयोगने प्रदर्शनातून आणलेला विजेचा रोटीमेकर. त्यात पोळी घातली की पापड व्हायचा आणि पापड घातला की घरातले दिवे जायचे.

"हे त्याच्या उरावर बांधून पाठव," कौसाबाई म्हणाल्या.

कात्रपचं स्वयंपाकघर दिसायला झकास होतं. ओटा काळा, कपाटं लाल, ड्रॉवर हलकेच आपोआप बंद होणारे. फक्त सिलिंडर ठेवायला जागा नव्हती. ती सुताराने ड्रॉवरांत खर्ची घातली होती आणि सुयोगने त्याला मुद्दाम तसं सांगितलं होतं. त्याच्या मते जाळावर स्वयंपाक करणं हे आता मागासलेलं झालं होतं.

"इंडक्शन, संजू. धूर नाय, जाळ नाय. फुल टेन्शन फ्री."

संजीवनीने पहिल्याच सकाळी त्या काचेवर कढई ठेवली. कढई भोवऱ्यासारखी गर्रकन फिरली, एका कानावर कलली, आणि इंडक्शन ट्यूं ट्यूं करून बंद पडलं. तिने हाताने दाबून धरली. बुडाचा रुपयाएवढा ठिपका तेवढा तापला, तिथली मोहरी जळून कोळसा झाली आणि बाजूची मोहरी थंडगार बसून राहिली.

सुयोगने त्याच संध्याकाळी नॉनस्टिकचा सेट आणला. आतून गुळगुळीत, बाहेरून जांभळा. सोबत लाकडी चमचा होता, पण संजीवनीचा हात सवयीने स्टीलच्या उलथन्याकडेच जायचा. आठवड्याभरात बुडाला ओरखडे पडले. एक दिवस भेंडी खाताना सुयोग ताटात निरखून बघायला लागला.

"आज मोहरी जास्त पडली का गं?"

"ती मोहरी नाही. तुझा पॅन आहे."

त्याने उरलेली भेंडी गुपचूप ताटाच्या कडेला सारली. दुसऱ्या दिवशी जांभळा पॅन खिडकीत गेला आणि त्यात कोथिंबीर पेरली गेली. कढईत कांदे-बटाटे राहायला आले. डाळ पातेल्यात शिजू लागली, म्हणजे शिजत राहायची. सुयोग ऑफिसला निघेपर्यंत तिचं वरण व्हायचं नाही आणि तो परत येईपर्यंत तिची पेस्ट झालेली असायची.

अशात कौसाबाईंचा फोन आला. "आखाडाचा शेवटचा रविवार आहे. आम्ही सगळी तुझ्याकडे येतो. मटण कर. नवं घर आहे, वासाने भरू दे."

संजीवनीने ओट्यावर नजर टाकली. मटण, तेही सासूसाठी! आणि हाताशी काय, तर कोथिंबिरीची कुंडी आणि बटाट्यांची टोपली. कुकर मागायला हिमानीला फोन करावा, असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, मेले तरी नाही करणार. मग हिमानीचाच फोन आला.

"ताई, एक विचारू? कढई रविवारपर्यंत देता का? पाहुणे आहेत. मी ॲल्युमिनियमच्या टोपात भजी तळली, सगळी बुडाला बसली. चेतन म्हणाला, भजीचं थालीपीठ छान झालंय."

"देते की," संजीवनी म्हणाली, "तू कुकर दे."

"कुकर घ्या. पण तो ॲल्युमिनियमचा आहे, ताई. तुमच्या त्या काचेवर चालणार नाही."

हे खरंच होतं आणि हिमानीला ते आधीच ठाऊक होतं, याचा संजीवनीला जास्त राग आला. अदलाबदल तिथेच फिसकटली.

शेवटी दोघी उल्हासनगरच्या भांडीबाजारात भेटल्या. संजीवनीला नवी भांडी हवी होती आणि हिमानीला, खरं सांगायचं तर, संजीवनीची फजिती बघायची होती. संजीवनीने पर्समध्ये दोन वस्तू टाकून आणल्या होत्या. एक तिचं उलथनं. दुसरी फ्रिजवर चिकटलेला लोहचुंबकाचा गणपती.

"देव कशाला?" हिमानीने विचारलं.

"चुंबक बुडाला चिकटलं तर भांडं इंडक्शनवर चालतं. घरात दुसरं चुंबक नाही. तो काय करणार, येतोय बिचारा."

दुकान एका सिंधी माणसाचं होतं. जितेश त्याचं नाव. मराठी, हिंदी, सिंधी तिन्ही तो एकाच वाक्यात बोलायचा. दोघी आल्या आल्या त्याने फुलं छापलेला सात पीसचा सेट पुढे मांडला.

"ले जाओ दीदी, एकदम फॅन्सी आयटम. लेटेस्ट आहे, गॅरंटी!"

संजीवनीने पहिलं भांडं उपडं केलं आणि बुडाला गणपती लावला. गणपती घसरून तिच्या मांडीवर पडला.

"देवाला पसंत नाही," हिमानी म्हणाली.

दुसऱ्याला लावला, पडला. तिसऱ्याला कसाबसा धरून राहिला, पण भांडं पत्र्यासारखं पातळ होतं. संजीवनीने बोटाच्या पेराने टिचकी मारली. टण्ण वाजलं. "यात दूध उतू जायच्या आधी लागेल," ती म्हणाली आणि बाजूला सारलं. जितेशला हळूहळू मजा वाटायला लागली. तो स्वतःच माळ्यावरून भांडी काढून त्यांची बुडं पुढे करू लागला. "बाप्पाला विचारा, दीदी. हा घ्या. हा पण विचारा." बाजूला काचेचे ग्लास बघत असलेली एक बाई हात जोडून उभी राहिली, तिला वाटलं इथे काही विधी चाललाय.

अखेर एक स्टीलची कढई निघाली. नक्षी नाही, रंग नाही. बूड जाड आणि सपाट, कान भक्कम, रिव्हेट मारलेले. गणपती असा चिकटला की ओढून काढावा लागला. तरी संजीवनीचं समाधान झालं नाही. तिने पर्समधून उलथनं काढलं आणि कढईच्या कडेकडेने फिरवलं. कोपऱ्यात पोचतं का बघितलं. मग जितेशला म्हणाली, "पाणी भरून द्या."

"पाणी कशाला? टेस्ट करायला?"

"उचलायला. भाजी काय रिकाम्या कढईत असते का?"

त्याने पाणी भरून दिलं. तिने दोन्ही कान धरून ती उचलली, तिरकी केली, धार बघितली. मनगट तक्रार करेना. जितेशचा अर्धा पायजमा भिजला. कुकर घेताना तिने तसंच केलं. झाकण उघडझाक करून बघितलं, हात साबणाचा असला तर पकड सुटेल का हे बघितलं, आणि रबर कात्रपात कुठेही मिळेल अशा मापाचाच कुकर घेतला. हिमानी सुरुवातीला हसत होती. नंतर जवळ सरकून बघायला लागली. आणि निघताना तिने हळूच तसंच स्टीलचं, जाड बुडाचं एक पातेलं स्वतःसाठी घेतलं.

"तुला कशाला? तुझ्याकडे गॅस आहे."

"दूध लागतं माझं," हिमानी म्हणाली. "रोज लागतं. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यावर ढकलायचे."

संजीवनी रस्त्यात थांबून इतकी हसली, की रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला.

रविवारी सगळे आले. हिमानी स्वयंपाकघरात शिरली आणि तिथेच किंचाळली.

"ताई! कढईत बटाटे?"

"मग काय पूजा करू तिची?"

"अहो, कांद्याचं पाणी सुटलंय, गंज चढलाय बघा!" हिमानीने बटाटे भराभरा फरशीवर ओतले आणि कढई पदराने पुसायला लागली, पडलेल्या पोराचा गुडघा पुसावा तशी. संजीवनी तिच्याकडे बघत राहिली. आपण ही कढई वापरण्यासाठी उचलली की हिमानीला मिळू नये म्हणून, हे तिचं तिला नीट सांगता आलं नसतं.

"घेऊन जा," ती म्हणाली. "गॅसवर चांगली तापव, तेलाचा बोळा फिरव, दोन-तीनदा कर. आणि साबण लावलास तर घरी येऊन मारीन."

मटण नव्या कुकरमध्ये शिजलं, वाटण नव्या कढईत परतलं. खोबरं सगळीकडे सारखं भाजलं गेलं, कुठे करपलं नाही. कौसाबाई जेवायला बसल्या. त्यांनी रस्सा दोनदा घेतला, नळी तोंडाला लावून जोरात ओढली. सुयोगला वाटलं आता इंडक्शनचं श्रेय घ्यायची वेळ झाली.

"बघितलंस आई? जाळ नाय, धूर नाय..."

"तू गप," कौसाबाई म्हणाल्या. मग संजीवनीकडे वळल्या. "मटण उतरलंय. घर हवेशीर आहे. लिफ्ट आहे. मी आता श्रावण इथंच करते."

संजीवनीने हिमानीकडे पाहिलं. हिमानी खाली मान घालून भात कालवत होती आणि हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

निघताना हिमानीने कढई पिशवीत घातली, पिशवी छातीशी धरली आणि दारात संजीवनीच्या कानाशी लागली. "ताई, आईंना चहात आलं कमी चालतं. आणि पहाटे उठून भांडी वाजवतात, त्याला काही इलाज नाही."

"तू आधीपासून हेच ठरवून आली होतीस का गं?"

"देवाशप्पथ नाही," हिमानी म्हणाली आणि जिना धडाधडा उतरली. लिफ्टची वाट बघायचाही धीर तिला निघाला नाही.

आतून कौसाबाईंचा आवाज आला. ड्रॉवर आपोआप बंद होतो हे त्यांना आत्ताच कळलं होतं आणि त्या तो पुन्हा पुन्हा उघडून बघत होत्या. "संजू, हे काय करतंय गं? यात भूत आहे का तुझा नवरा?"

"नवरा," संजीवनी म्हणाली, पदर खोचला आणि चहाचं पातेलं ठेवायला आत गेली.