बाभळीचं दार

विटा बाजूला सारून बजाबाईनं दाराला खांदा दिला. दार बाभळीचं, जड. जोतिरामनं पलीकडून धरलं तेव्हा कुठं ते हललं. तिसऱ्या मजल्यावरच्या या फ्लॅटला उद्या स्वतःचं चकचकीत दार बसणार होतं. म्हणजे नवराबायकोचा इथलाही मुक्काम संपला.

जुळे सोलापुरातली ही इमारत पायापासून वर येत होती, तेव्हापासून दोघं तिची राखण करत होती. जो फ्लॅट अर्धवट, त्यात त्यांचा संसार. तो पुरा झाला की बोचकी उचलायची, दार उचलायचं आणि पुढच्या उघड्या चौकटीला टेकवायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, यांच्या पाठीवर दारही होतं. गाव सोडताना माणसं भांडीकुंडी आणतात. बजाबाईनं बार्शीकडच्या आपल्या घराचं दार उचकटून आणलं. ओस घराचं दार आधी दुसऱ्याच्या चुलीत जातं, हे तिला पक्कं ठाऊक.

"दार हाय तवर घर हाय की. माघारी गेलो की बसवू," असं ती म्हणायची. गावच्या घराची भिंत पडल्याचं दिरानं फोनवर सांगितलं, तेव्हापासून म्हणायची थांबली.

आता इमारतीत अर्धवट काही उरलं नव्हतं. उरली होती जिन्याखालची खोली. ती मिळाली नाही तर कुठं जायचं, हे दोघांपैकी कुणीच बोलत नव्हतं.

दार जिन्यात टेकवून दोघं दम खात होती, तेवढ्यात भुवनेश्वरी म्याडम वर आल्या. दुसऱ्या मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या. त्यांचे यजमान नंदीश सोसायटीचे चेअरमन. दारापाशी त्या थबकल्या. लाकडावरून हात फिरवला, साखळीची कडी वाजवून पाहिली. त्या आवाजासरशी जोतिरामनं सवयीनं मान वर केली.

"किती सुंदर आहे हो! कुणाचं?"

"आमचंच की."

"माझ्या हॉलमध्ये याचं टेबल काय दिसेल! वर काच टाकायची. द्याल का मला?"

जोतिराम आपल्या पायांकडं बघत राहिला. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारी बजाबाईच बोलली.

"न्या की म्याडम. पैसं नगंत. तेवढं सायबास्नी जिन्याखालच्या खोलीचं सांगा. आमी दोघंच हाय."

"अहो, नक्की सांगते."

आणि त्यांनी खरंच सांगितलं. पण मीटिंगमध्ये ठरलं, की त्या खोलीत इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आणि मुलांच्या सायकली ठेवायच्या. राखणीला एजन्सीचा माणूस येणार होता. तो काही संसार घेऊन येत नाही.

"मी खूप बोलले हो," असं म्हणताना म्याडमचे डोळे भरून आले. अशा भल्या माणसांवर धड रागावताही येत नाही, ही गरिबाची मोठी पंचाईत. बजाबाई रागावली नाही. त्यांच्याच घरी तिनं धुण्याभांड्याचं काम धरलं. वस्तीच्या टोकाला, मोकळ्या प्लॉटवर दोघांनी पत्र्याचं खोपट उभं केलं. दाराच्या जागी जुन्या पातळाचा पडदा लावला.

टेबल छान झालं. बजाबाईनं दसऱ्याला दारावर ओढलेली हळदीकुंकवाची बोटं म्याडमनी सुताराला घासू दिली नाहीत. ती आता काचेखाली होती. बजाबाई रोज वरून काच पुसायची.

एके दिवशी म्याडमनी तिच्या हातात कडी ठेवली.

"मुलांच्या गुडघ्यांना लागते म्हणून काढायला लावली. तुमचीच आहे, घेऊन जा."

कडी बजाबाईच्या ओच्यातून खोपटात आली. वाऱ्यानं पडदा सारखा उडायचा, चुलीत धूळ जायची. तिनं सुईदोरा घेतला आणि वजन म्हणून कडी पडद्याच्या खालच्या काठाला शिवून टाकली.

संध्याकाळी दोघं जेवायला बसली. वारा सुटला. पडदा हलला आणि पत्र्यावर कडी वाजली. जोतिरामचा हातातला घास तसाच राहिला.

"कोन आलंय बग की."

"कुनी न्हाय. वारा हाय."

"व्हय," तो म्हणाला. भाकरी मोडायला लागला.

कडी पुन्हा वाजली.  या वेळी तो उठला, हात धुतला, पडदा बाजूला केला.

"कोन हाय?" त्यानं मोकळ्या प्लॉटाकडं बघत विचारलं.

बजाबाईनं त्याचं ताट झाकून ठेवलं.