मल्लव्वाच्या पदराची गाठ

दुधनीच्या मल्लव्वानं पदराच्या टोकाला गाठ मारली ती सोलापूरच्या एका इस्पितळात, भर सकाळी, सगळ्या वॉर्डाच्या देखत. तिच्याकडं गाठ मारायची म्हणजे विसरायचं नाही. लग्नात तिच्या नणंदेनं तिला काळी म्हटलं होतं, ती गाठ तिनं अठ्ठावीस वर्षांनी सोडली. कशी सोडली ते नणंद आजही सांगत नाही.

झालं असं, की तिचा नवरा चनबसप्पा मुदतीच्या तापानं आडवा झाला. ताप तरी साधा असावा! मल्लव्वानं अंदाज घ्यायला त्याच्या पोटावर चिमूटभर जोंधळे टाकले, तर तडतड लाह्या फुटल्या. एक उडून शेजारच्या खाटेवरच्या मंगळवेढ्याच्या माणसाच्या तोंडात गेली, आणि आठ दिवस न बोललेल्या त्या माणसानं मीठ मागितलं.

इस्पितळात हेड कंपौंडर होता अण्णाराव. मोठे डॉक्टर सकाळी आठला यायचे नि नऊला जायचे. बाकी दिवसभर राज्य अण्णारावाचं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, अंगात सहा बटणांचा कोट, आणि तुपाचा डबा आणील त्याच्याशीच हसून बोलायचं अशी रीत. मल्लव्वानं डबा आणला नव्हता. पाचव्या दिवशी अण्णाराव खाटेपाशी उभा राहिला आणि नोकराला म्हणाला, "कुंडलिक, या म्हाताऱ्याला व्हरांड्यात काढा. मेल्यावर लांब न्यायला नको."

मल्लव्वानं गाठ मारली ती तेव्हा.

खाट व्हरांड्यात गेली. अर्ध्या तासानं वच्छला नर्स कामावर आली, तिनं पाहिलं, पदर खोचला आणि एकटीनं खाट ओढत परत आत आणली. "पेशंट जिवंत आहे तोवर खाट त्याची," एवढंच म्हणाली. बाई किडकिडीत, विशीत नवरा गेलेली, सासरनं दार लावलं तेव्हा नर्सिंग शिकून स्वतःच्या पायावर उभी राहिलेली. त्यानंतरचे सोळा दिवस ती चनबसप्पाच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती. पट्टी ठेवली की अशी वाफ उठायची, की समोरच्या गिरणीतले कामगार ती भोंग्याचीच वाफ समजून सुटीच्या आधीच डबे घेऊन निघायचे. चमच्याचमच्यानं पेज पाजायची. तापात तो तिला कानडीत बैलाच्या नावानं हाका मारायचा, तरी ती 'ओ' द्यायची. बाविसाव्या दिवशी चनबसप्पा उठून बसला आणि म्हणाला, "भाकरी हाय का?"

पंधरवड्यानं मल्लव्वा लुगडं, खण आणि नारळ घेऊन सोलापूरला आली, नर्सबाईची ओटी भरायला. बघते तर बाईचा चेहरा उतरलेला.

"अव्वा, माझी कसली ओटी भरता? विधवा मी. आणि महिनाअखेर मी इथं नसेनच."

"का गं?"

"अण्णारावांनी डॉक्टरांना सांगितलंय, की पेशंटचं दूध मी पिते. महिनाअखेर चौकशी आहे. तोवर दुधाला हात लावायचा नाही, असा हुकूम झालाय. साक्ष द्यायला कोण आहे मला?"

मल्लव्वानं एकवीस दिवस त्या वॉर्डात काढले होते. दुधाची चरवी साडेसातला येते, आधी अण्णारावाच्या खोलीत जाते, आणि तिथून निघते ती अशी, की वाटीत दूध ओतलं तरी वाटीच्या बुडावरचं नाव वाचता यावं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं कुंडलिकला गाठलं. "सांग की रं डॉक्टराला!"

"अव्वा, सायेब माजं ऐकत्याल की त्यांचं? उद्या मीच बाहेर."

मल्लव्वानं पदराची गाठ चाचपली आणि हात जोडून थेट अण्णारावाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"रावसाहेब, तुमच्या औषधानं माझं कुंकू राहिलं. शुक्रवारी आमची येळवस हाय. तुमी आलाच पायजे. न्हाय म्हणायचं न्हाय."

अण्णारावाला ते पटायला वेळ लागला नाही. आपल्या औषधानं लोक बरे होतात असं त्याला कुणी पहिल्यांदाच सांगत होतं. "जेवायला काय असतं म्हणे येळवसीला?"

"या तर खरं. सगळं पोटभर हाय."

येळवस म्हणजे अवसेचा रानातला सण. कडब्याची कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडायचे, आणि रानात येईल त्याला जेवू घालायचं. मल्लव्वाच्या घरची रीत अशी, की पाहुण्याचा हात थांबला की वाढायचं, आणि पाहुणा 'नको' म्हणाला तर ते पांडवांना 'नको' म्हटल्यासारखं. अण्णाराव कोट घालून बसला. पानात डाळी-भाज्यांची भज्जी पडली, बाजरीचे उंडे पडले, शेंगांच्या पोळ्या पडल्या, आणि मग आंबील सुरू झाली, आंबट ताकातली, लसूण घातलेली, मातीच्या बिंदगीतली.

सातव्या तांब्याला अण्णारावानं हात आडवा केला.

"पांडव बघत्यात, रावसाहेब," मल्लव्वा गोड आवाजात म्हणाली.

अकराव्या तांब्याला तो कानडी शिकला. "साकु! साकु, अव्वा!"

"पुरे कसं? हा नकुलाचा झाला. सहदेवाचा ऱ्हायलाच की!"

सहदेवाच्या तांब्याला कोटाचं पहिलं बटण सुटलं आणि गोळीसारखं जाऊन बाभळीवरच्या कावळ्याला लागलं. तो कावळा पुढं कित्येक वर्षं दुधनीत लंगडत होता. ज्याला खोटं वाटेल त्यानं जाऊन बघून यावं. मल्लव्वाचे बैल चरायचे थांबले आणि त्या पोटाकडं आदरानं पाहत उभे राहिले. चनबसप्पाला दया आली. "मल्लव्वा, सोड की आता त्येला."

"मी कुटं धरलंय? मी वाढतीया नुसती."

तिचा मुलगा सिद्धाराम गाडीत घालून पाहुण्याला स्टेशनवर घेऊन गेला. मास्तर म्हणाला, याला माणसांच्या डब्यात घेता येणार नाही, मालाच्या डब्यात चढवा. शेवटी दोन तिकिटं काढून त्याला बाकावर आडवा टाकला आणि संध्याकाळच्या आत सोलापूर गाठलं. मल्लव्वा मायेनं बरोबर गेली. लोक म्हणाले, काय पाहुणचार! मोठ्या डॉक्टरांना बोलावणं गेलं. त्यांनी पोट ठोकून पाहिलं आणि फर्मावलं, "दोन दिवस फक्त दूध. दुसरं काही नाही." मग त्याला वॉर्डातच खाट दिली, चनबसप्पाचीच.

इथवर मल्लव्वानं आखलं होतं तसंच झालं. तिनं कुंडलिकला एवढंच सांगितलं, "उद्या येगळं काय करू नगंस. रोज करतूस तसंच कर."

सकाळी मात्र सगळं फिसकटायची वेळ आली. वच्छलानं अण्णारावाला कण्हताना पाहिलं आणि ती पाकीट शोधू लागली.

"कुटं निघालीस?"

"गवळ्याकडं. इथलं दूध कसं असतं तुम्हाला ठाऊक आहे, अव्वा. आजारी माणूस आहे. मी विकत आणून पाजते. हुकूम मोडला म्हणून नोकरी जाते तर जाऊ दे."

 चांगलं दूध त्या पोटात गेलं, की सहदेवाचा तांब्या फुकट! मल्लव्वानं नर्सचं मनगट धरलं. "आधी ओटी."

"अव्वा, सांगितलं ना, मी—"

"जिच्या हातानं माझं कुंकू राखलं त्या बाईची ओटी मी भरणार. बस म्हणते ना!"

वच्छला व्हरांड्यात बसली. पदर पसरला. कितीतरी वर्षांत तिच्यापुढं कुणी कुंकवाचा करंडा धरला नव्हता. ओटीत तांदूळ पडायला लागले, की उठायचं नसतं. मल्लव्वा सावकाश मुठी टाकू लागली. "ही चनबसप्पाची. ही सिद्धारामाची. ही सुनेची. ही आमच्या ढवळ्याची, त्येच्या नावानं तुला हाका मारत हुता न्हवं?" वच्छलाच्या डोळ्यातून एक थेंब तांदळात पडला. मल्लव्वाला क्षणभर लाज वाटली, कारण मूठ ओटीत होती आणि कान वॉर्डात.

आठ वाजले. डॉक्टरांचे बूट वाजले. आणि आतून अण्णाराव ओरडला.

"हे दूध आहे? याच्यात म्हैस नुसती पोहून गेली असेल! साहेब, बघा तुम्ही! माझं दूध प्यायलं कुणी?"

कुंडलिक अगदी भोळेपणानं म्हणाला, "तुमचं तुमच्या कपाटात ठिवलंय की, सायेब, रोजच्यासारकं. हे पेशंटचं. तुमी सांगितलंय तसंच पाणी घातलंय."

 डॉक्टर म्हणाले, "रोजच्यासारखं?" आणि किल्ल्यांसाठी हात पुढं केला. कपाटातल्या तांब्यावर साय इतकी जाड होती, की डॉक्टरांनी तिच्यावर आपलं घड्याळ काढून ठेवलं आणि ते तसंच टिकटिक करत राहिलं. वच्छलाला दुधाला हात लावायची बंदी होऊन वीस दिवस झाले होते, हे डॉक्टरांना सांगावं लागलं नाही. हुकूम त्यांचाच होता. पोट उतरताच अण्णारावानं किल्ल्या ठेवून घरी जायचं, आणि नर्सबाईंनी उद्यापासून दूध स्वतः वाटायचं, असं त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं.

वच्छला भरल्या ओटीनिशी दारात उभी राहून ऐकत होती. तिनं मल्लव्वाकडं वळून पाहिलं. "अव्वा, आंबील किती तांबे पाजलीत?"

"मोजायचं नसतं पाहुण्याचं."

वच्छलाला हसू आवरेना आणि रागही आवरेना. ओटी नीट बांधून ठेवून तिनं कपाटातलं ते घट्ट दूध गरम केलं, चमचा घेतला आणि अण्णारावाच्या उशाशी बसली. "तोंड उघडा, अण्णाराव. सावकाश."

ते बघताना मल्लव्वा रागानं अशी तापली, की चनबसप्पाच्या तापाला लाजवावं. तरी हिशेब फिटला होता, म्हणून तिनं पदराची गाठ सोडली. मग नर्स वाटी विसळायला गेली तशी खाटेवर वाकून हळूच म्हणाली, "रावसाहेब, पुढल्या येळवसीला धर्मराजाचा तांब्या ऱ्हायलाय हं."

अण्णारावानं चादर डोक्यावर ओढून घेतली. मल्लव्वानं पदराच्या टोकाला नवी गाठ मारली आणि दुधनीच्या गाडीला निघाली.